वीस हजार किपांचे देणे

लाओस देशाची राजधानी मी दोन रात्री आणि दीड दिवस पाहिली. एवढ्या भांडवलावर त्या शहराविषयी लिहायला बसणे म्हणजे पुणे स्टेशनावर गाडी बदलून पेशवाईवर व्याख्यान देण्यासारखे आहे. तेव्हा हा लेख त्या शहरावर नाही, असे वाचकांनी आरंभीच समजून चालावे. तिथे माझ्या हातून जो एक व्यवहार घडला, त्याविषयी मला लिहायचे आहे. व्यवहार अगदी क्षुल्लक, आपल्या पैशांत ऐंशी रुपयांचा. पस्तीस वर्षे बँकेत बसून मी लाखांचे आकडे इकडचे तिकडे केले. त्यांतला एकही कधी उशाशी येऊन बसला नाही. हे ऐंशी रुपये मात्र येऊन बसतात.

शहराचे नाव आपण इंग्रजी नकाशात पाहून व्हिएन्टिन असे उच्चारतो. तो दोष फ्रेंचांच्या स्पेलिंगचा. तिथली माणसे वियांगचान म्हणतात. चंदनाची नगरी असा त्याचा अर्थ पुष्कळ जण करतात, काही जण चंद्राची नगरी असाही करतात. दोन्ही अर्थ आपल्या कानांना परके वाटत नाहीत. नावापुरते तरी मला तिथे पाहुण्यांच्या घरी आल्यासारखे वाटले.

निवृत्तीनंतर मला हे प्रवासाचे खूळ लागले. तेही पाठीवर पिशवी टाकून, हॉटेलाऐवजी हॉस्टेलात उतरून, रेल्वेने आणि बसने जाण्याचे. पिशवी पुतण्याची होती. आमच्या घरातून विरोध झाला नाही. “तुम्हाला जायचं तर खुशाल जा, मी काही त्या दुमजली खाटेवर चढायची नाही,” एवढेच सौभाग्यवतींनी सांगितले आणि त्या मुलीकडे राहायला गेल्या. आपल्याकडे पडशी पाठीला लावून काशीयात्रेला जाणारे लोक होते, त्यांचीच ही नवी जात आहे, अशी माझी समजूत होती. ती अर्धीच खरी ठरली. या नव्या यात्रेकरूंचाही एक धर्म आहे आणि त्याचे मुख्य व्रत म्हणजे कमीत कमी पैशांत जास्तीत जास्त दिवस काढणे. रात्री हॉस्टेलाच्या ओट्यावर जमले, की कोण किती स्वस्तात झोपला, किती स्वस्तात जेवला, याची पोथी सुरू होते. संन्यासी मनुष्यही थोडक्यात भागवतो. फक्त काय भागवले ते तो सांगत सुटत नाही.

मला तो धर्म मानवला, हे कबूल केले पाहिजे. मध्यमवर्गीय मराठी मनुष्याला काटकसर शिकवावी लागत नाही. आमच्या घरी माझ्या वडिलांची रोजखर्चाची वही होती, तशीच माझीही आहे. प्रवासात ती खिशात असते.

बँकॉकहून रात्रीची गाडी नोंगखाईला येते. तिथे मेकाँग नदी आडवी येते आणि पलीकडे लाओस. नदीवर १९९४ साली झालेला मैत्री पूल आहे. तो ऑस्ट्रेलियाच्या पैशांनी बांधला. थायलंडात वाहने आपल्यासारखी डाव्या बाजूने चालतात, लाओसात उजव्या. पूल ओलांडला, की सगळी वाहने मुकाट्याने बाजू बदलतात. चांगलेवाईट कळण्याचीही अशीच एखादी खूण रस्त्यावर असती, तर किती बरे झाले असते!

पुलावरून साधी बस शहरातल्या तलात साओपर्यंत, म्हणजे सकाळच्या बाजारापर्यंत नेते. मी तिथे उतरलो तेव्हा संध्याकाळ होती आणि आभाळ भरून आले होते. खिशात वीस लाखांवर किप होते. शंभर डॉलर मोडले, तर तेवढे हाती येतात! आयुष्यभर दुसऱ्यांचे लाख मोजणारा मी त्या दिवशी स्वतः लक्षाधीश झालो होतो. या गमतीची दुसरी बाजू मला त्या वेळी सुचली नाही. २०२१ सालच्या अखेरीस डॉलरला अकरा हजारांच्या आसपास किप पडत. पुढच्या दोनच वर्षांत ते वीस हजारांवर गेले. २०२२ मध्ये तिथे पेट्रोलसाठी रांगा लागल्या होत्या. आपल्या हाती लाख येतात ते त्या माणसांच्या हातातले निम्मे पैसे वितळून गेलेले असतात म्हणून. बँकेतल्या माणसाला हे सांगावे लागू नये. पण नोटा मोजताना माझे लक्ष नोटांवर होते.

हॉस्टेल नदीच्या बाजूला होते, दीडेक किलोमीटरवर. एरवी चालत गेलो असतो. पण पाठीवर ओझे, आभाळ काळे. बाजारासमोर टुकटुक उभ्या होत्या. टुकटुक म्हणजे आपली तीनचाकी, मागे समोरासमोर दोन बाके टाकलेली. एका चालकाने साठ हजार सांगितले. मी हसून मान हलवली आणि तीस म्हटले. त्यानेही हसून मान हलवली. मग मी मंडईत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला डाव टाकला: काही न बोलता पाठ फिरवली आणि दोन पावले पुढे गेलो. तिसऱ्या पावलाला मागून हाक आली. चाळीस हजारांना सौदा झाला. तो म्हणाला, “बो पेन ञांग.” हे शब्द त्या देशात पावलोपावली कानी पडतात. असू द्या, काही हरकत नाही, असा त्यांचा भाव आहे.

निम्म्या वाटेवर पावसाने गाठले. त्याने गाडी बाजूला घेतली, खाली उतरला, गुंडाळून ठेवलेले प्लॅस्टिकचे पडदे दोन्ही बाजूंनी सोडले, माझी पिशवी ओली होते असे पाहून ती आतल्या बाकावर सरकवली आणि पुन्हा पुढे जाऊन बसला. पुढे पडदा नव्हता. हॉस्टेलाशी पोचलो तेव्हा त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. मी मोजून चाळीस हजार दिले. त्याने हात जोडले. मीही जोडले. वहीत लिहिले: टुकटुक, ४०,०००.

हॉस्टेलात नागपूरचा एक तरुण होता. संगणकावरचे काम करीत गावोगाव हिंडणारा. मराठी माणूस दिसला म्हणून त्याने मला लगेच काका करून टाकले. साठाचे चाळीस केल्याची कथा मी रंगवून सांगितली. पाठ फिरवण्याचा भाग तर अभिनयासह. तो खूश झाला. “काका, तुम्ही तर पट्टीचे निघालात! मी पहिल्या दिवशी ऐंशी दिले होते.” हॉलंडच्या एका मुलीला त्याने ते भाषांतर करून सांगितले, तिने टाळ्या वाजवल्या. त्या रात्री वरच्या खाटेवर मी एखाद्या तरुण माणसासारखा झोपलो.

पहाटे जाग आली ती सवयीने. बाहेर गल्लीत चार-पाच बाया चटयांवर गुडघे टेकून बसल्या होत्या. खांद्यावरून तिरके घेतलेले वस्त्र, पुढ्यात बांबूची झाकणाची करंडी, करंडीत वाफाळणारा चिकट भात. थोड्या वेळाने भगव्या वस्त्रांतले भिक्षू एका रांगेत आले. सर्वांत मोठे पुढे, पोरवयाचे मागे. प्रत्येकाच्या पात्रात बायकांनी भाताचा एकेक लहान गोळा टाकला. कोणी कोणाकडे पाहिले नाही. देणारीने काही म्हटले नाही, घेणाऱ्याने आभार मानले नाहीत. मग भिक्षूंनी उभ्याने पाली भाषेत काही आशीर्वचन म्हटले आणि ते चालत असता एका म्हातारीने लहानशा भांड्यातले पाणी हळूहळू जमिनीवर ओतले.

ते पाणी पाहून मी चमकलो. आपणही दानावर उदक सोडतो. आपल्या भाषेत ‘पाणी सोडणे’ म्हणजे त्या वस्तूवरचा हक्क कायमचा संपवणे. भाताचा तो गोळा पात्रात पडला, की बाईचा उरला नाही. त्याचे पुण्यदेखील ती मेलेल्या आप्तांच्या नावे सोडून देते, असे मला नंतर कळले. दान असे असावे लागते. दिल्यावर मागे काही धरून ठेवले, की ते दान राहत नाही.

माझे वडील पुण्यात वार लावून जेवले आणि शिकले. आजच्या मुलांना हे सांगावे लागेल: गरीब विद्यार्थ्याला सात घरे आठवड्यातले सात वार वाटून घेऊन जेवू घालीत. सात घरांची माणसे सज्जन होती, असे वडील नेहमी सांगत. एकाही घराविषयी त्यांनी वावगा शब्द काढला नाही. पण एकदा, फार उशिरा, त्यांनी मला सांगितले की मी पोटभर जेवत असे तो शनिवारी. शनिवारच्या घरातल्या मालकांनी त्यांना पहिल्याच दिवशी म्हटले होते, “जेवणाआधी आमच्या बाळ्याचं गणित घेत जा.” तेवढ्याने ताटाची जात बदलली. इतर सहा दिवस त्यांनी दुसऱ्यांदा भात मागितला नाही. शनिवारी ते मागत असत. सहा घरे त्यांना दान देत होती. शनिवारचे घर त्यांचे देणे फेडत होते.

मराठीत ‘देणे’ हा शब्द मोठा चमत्कारिक आहे. क्रियापद म्हणून वापरला, तर औदार्य. नाम म्हणून वापरला, तर कर्ज. ‘मी त्याला देतो’ म्हटले की छाती पुढे येते, ‘मी त्याचे देणे लागतो’ म्हटले की मान खाली जाते. शब्द तोच, पैसेही तेच. फरक इतकाच की पहिल्यात घेणारा माझ्या मर्जीवर असतो आणि दुसऱ्यात मी त्याच्या हक्काखाली असतो. आपल्याला पहिले का आवडते, हे सांगण्याची गरज नाही.

पण त्या पहाटे माझे विचार इथवर आले नव्हते. मी नुसता पाहून परतलो आणि फ्रेंच पद्धतीच्या लांबट पावात भाजी-कोथिंबीर भरलेला पदार्थ खाऊन शहर पाहायला निघालो.

शहर पाहायला फार वेळ लागत नाही. वाट सी साकेत हे १८१८ सालच्या सुमाराचे देऊळ. १८२८ मध्ये सयामी सैन्याने शहर जाळले, त्यातून हे वाचले. भोवतीच्या ओवरीच्या भिंतीत लहान लहान कोनाडे आहेत आणि बुद्धमूर्ती हजारांच्या घरात. एका बाजूला भग्न मूर्तींचा ढीग जपून ठेवला आहे. कुणाला मुंडके नाही, कुणाला हात. समोरच हो फ्रा केव. तिथली पाचूची म्हणून प्रसिद्ध असलेली बुद्धमूर्ती सयामींनी १७७९ मध्ये नेली. ती आज बँकॉकला आहे आणि लाखो लोक तिथे तिचे दर्शन घेतात. देऊळ इथे, देव तिथे.

मग पातुसाय. हे विजयद्वार फ्रेंचांशी लढताना पडलेल्यांच्या स्मरणार्थ, आणि तरी बांधले ते पॅरिसच्या कमानीसारखे. १९५७ ते १९६८ ही त्याची बांधकामाची वर्षे. त्यातले सिमेंट अमेरिकेने दिले होते, विमानतळाच्या धावपट्टीसाठी. लाओ लोकांनी ते घेतले आणि कमान उभारली! परदेशी लोक तिला थट्टेने उभी धावपट्टी म्हणत. खाली एक फलक आहे आणि त्यावर लाओ सरकारनेच ही वास्तू जवळून पाहिली असता काँक्रीटच्या राक्षसासारखी दिसते, असे लिहून टाकले आहे. एखाद्या सरकारने आपल्याच स्मारकाविषयी इतके खरे बोलल्याचे माझ्या तरी पाहण्यात नाही. मला त्या कमानीविषयी प्रेम वाटले. अमेरिकनांना राग आला असेलही. पण धर्माची गाय दिल्यावर तिने कुठे चरावे हे दात्याने सांगू नये. आणि त्या धावपट्टीवरून कोणती विमाने उडायची होती, हे दुपारी मला दुसऱ्या ठिकाणी कळणारच होते.

ते ठिकाण म्हणजे कोप या संस्थेचे प्रदर्शन. बॉम्बने हातपाय गेलेल्यांना ही संस्था १९९७ पासून कृत्रिम अवयव मिळवून देते आणि पुनर्वसनाच्या दवाखान्याच्या आवारातच तिने दोन-तीन दालने मांडली आहेत. तिकीट नाही. आत छताला एक मोठे बॉम्बचे कवच उघडून टांगले आहे आणि त्यातून चेंडूएवढे लहान बॉम्ब पावसासारखे खाली लोंबताहेत. लाओ लोक त्यांना ‘बोंबी’ म्हणतात. १९६४ ते १९७३ या नऊ वर्षांत अमेरिकेने या देशावर वीस लाख टनांहून अधिक बॉम्ब टाकले. सरासरी काढली तर दर आठ मिनिटांना एक विमानभर, रात्रंदिवस, नऊ वर्षे. त्यांत बोंबी सुमारे २७ कोटी आणि त्यांतल्या जवळजवळ तीस टक्के फुटल्याच नाहीत. त्या शेतांत, बांबूच्या बेटांत, ओढ्यांत पडून राहिल्या. लढाई संपल्यावर त्यांनी वीस हजारांवर माणसे मारली किंवा जायबंदी केली. पोरांना त्या खेळण्यासारख्या दिसतात. मोठ्यांना भंगारासारख्या दिसतात. लोखंडाला किलोमागे काही भाव मिळतो आणि घरात तांदूळ नसतो.

एका कोपऱ्यात जुने पाय टांगून ठेवले आहेत. नवे पाय मिळाल्यावर लोकांनी परत केलेले. काही कारखान्यातले, पण काही घरी केलेले: लाकडाचे, बांबूचे, पत्र्याचे. एका पायाला आतून जुने कापड गुंडाळले होते आणि ते घासून काळे पडले होते. मी तिथे बराच वेळ उभा राहिलो. सकाळच्या भग्न मूर्ती डोळ्यांपुढे आल्या. जास्त काही लिहीत नाही.

बाहेर पडताना दारापाशी देणगीची पेटी होती. मी पाकीट काढले आणि दोन लाख किप आत टाकले. एका क्षणाचाही विचार करावा लागला नाही. उलट टाकताना मला बरे वाटले, हलके वाटले. बाकावर बसून वही काढली, लिहिले: देणगी, २,००,०००. आणि त्याच्या बरोबर वरच्या ओळीत आदल्या दिवसाची नोंद होती: टुकटुक, ४०,०००.

हिशेबाच्या वहीचा हाच दोष आहे, की ती दोन आकडे एकाखाली एक मांडून ठेवते. दोन लाख न मागता दिले आणि वीस हजार मागूनही दिले नाहीत. तेही कोणाचे? पावसात भिजत मला कोरडा ठेवणाऱ्याचे. पेटीला चेहरा नव्हता, तिने भाव सांगितला नव्हता. किती द्यायचे, केव्हा द्यायचे, द्यायचे की नाही, सगळे माझ्या हाती होते. म्हणून मी उदार होतो. त्या माणसाने आपल्या श्रमाची किंमत स्वतः सांगितली, हाच बहुधा त्याचा अपराध!

संध्याकाळी नदीकाठी नागपूरच्या तरुणाजवळ मी हे बोलून दाखवले. पावसाळ्यातली मेकाँग तांबूस, रुंद वाहत होती. पलीकडे थायलंडचे दिवे लागले होते. तो मन लावून ऐकत होता. मग म्हणाला, “काका, रागावू नका, पण यात तुमचं काही चुकलं नाही. साठ हा तुमच्यासाठी सांगितलेला भाव. इथला माणूस वीससुद्धा देणार नाही. आपण मागतील ते देत गेलो, तर भाव चढतात आणि मग त्याच टुकटुकमध्ये इथल्या बाईला बसणं परवडत नाही. शिवाय मागेल ते देऊन टाकणं म्हणजे त्याला भिकारी समजणं नाही का?”

मुलगा हुशार होता आणि त्याचे म्हणणे मला आजही पुरते खोडता येत नाही. घासाघीस ही चोरी नव्हे. माझी आई भाजीवालीशी मेथीच्या एका जुडीवरून पाव तास भांडे. पण ती भाजीवाली तीस वर्षे आमच्या दारी येत होती. आज आईने चार आणे कमी केले, तर उद्या ती कोथिंबीर घालायची विसरे. तिच्या मुलीच्या लग्नात आईने पातळ दिले. आमच्या आजारपणात तिने न मागता लिंबे आणून टाकली. त्यांच्या भांडणाला उद्याचा दिवस होता. कोणी कोणाला किती बुडवले, याचा निकाल कधी लागत नसे, कारण हिशेब कधी मिटत नसे. दोघीही एकमेकींच्या देण्यात होत्या, आणि त्यातच ती तीस वर्षे गेली.

मला वियांगचानात उद्या नव्हता. पाठीवर पिशवी टाकून दोन रात्रींसाठी आलेला मनुष्य आईचा डाव खेळतो खरा, पण त्याला दुसरी फेरी नसते. जे कमी दिले ते कमीच राहते. घासाघीस दोन शेजाऱ्यांचा खेळ आहे. वाटसरूने तो खेळला, की नुसती जीत उरते. शिवाय मी पाठ फिरवली तेव्हा मला चालत जाता आले असते, त्याला भाडे सोडता येत नव्हते. हे दोघांनाही ठाऊक होते. त्या दोन पावलांत सारा भाव ठरला.

हे सगळे मी त्या तरुणाला सांगितले नाही. इतक्या ओळीने तेव्हा सुचलेही नाही. मी एवढेच म्हटले, “अरे, खरा भाव चाळीसही असेल. पण मी चाळीस दिले ते भाव ओळखून नव्हे. जिंकायला.” तो हसला आणि म्हणाला, “तुम्ही फार विचार करता.”

विचार करीत होतो खरा. प्रदर्शनात पाहिलेले डोक्यातून जात नव्हते. २०१६ च्या सप्टेंबरात अमेरिकेचे अध्यक्ष ओबामा या शहरात आले होते. पदावर असताना लाओसात आलेले ते पहिलेच अमेरिकन अध्यक्ष. बॉम्ब काढण्यासाठी तीन वर्षांत नऊ कोटी डॉलर देण्याचे त्यांनी जाहीर केले आणि लाओसला सावरायला मदत करणे हे आपल्या देशाचे नैतिक कर्तव्य आहे, असे ते म्हणाले. म्हणजे त्यांनी ‘देणे’ हे नामरूप वापरले, असे मी समजतो. पण २०२५ च्या जानेवारीत नव्या सरकारने परदेशांना द्यायची मदत एका हुकुमासरशी थांबवली, तेव्हा जगभरच्या बॉम्ब आणि सुरुंग काढण्याच्या कामांवरही गदा आली. दान होते म्हणून थांबवता आले. बँकेचा हप्ता असा कोणी थांबवून पाहावा! आणि आपणही फार ताठ उभे राहू नये. १९५४ च्या जिनिव्हा करारानंतर लाओसात शांततेवर देखरेख करण्यासाठी जो आंतरराष्ट्रीय आयोग नेमला, त्याचे अध्यक्षपद भारताकडे होते. पण अशा बॉम्बवर बंदी घालणारा जो करार २०१० मध्ये अमलात आला आणि ज्याची पहिली परिषद याच शहरात भरली, त्यावर अमेरिकेप्रमाणेच भारताचीही सही नाही.

असो. राष्ट्रांच्या गोष्टी मोठ्या असतात. मला आमच्या घरची लहान गोष्ट आठवत होती. आमच्याकडे धुण्याभांड्यांना येणाऱ्या बाईंनी मागच्या आषाढात महिना दोनशे रुपये वाढवून मागितले. आम्ही नवराबायकोने बसून महागाईचे, इतर घरांतल्या दरांचे, त्यांच्या खाड्यांचे सगळे हिशेब काढले आणि शंभरावर आणले. दिवाळीत त्याच बाईंना आम्ही हजाराची पोस्त दिली, वर साडी दिली, चकल्यांचा डबा दिला. देताना घरात किती प्रसन्न वातावरण होते! त्यांनी वाकून नमस्कार केला. वर्षाचे चोवीसशे रुपये त्यांनी हक्काने मागितले होते. ते आम्ही निम्मे कापले आणि मग प्रेमाने जास्तच दिले. आम्ही तोट्यात गेलो. पण तो नमस्कार मिळाला. पगारवाढीला कोणी वाकून नमस्कार करीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला लुआंग प्राबांगला जायचे होते. चिनी बांधणीची नवी रेल्वे २०२१ च्या डिसेंबरात सुरू झाली आहे. तिचे स्टेशन शहराबाहेर बरेच दूर पडते. गाडीला वेळ होता. मी वीस हजार किपांची एक नोट वेगळी काढून सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि तलात साओपर्यंत चालत गेलो. तो माणूस भेटला, की नोट द्यायची, असा साधा बेत होता. शब्द जुळवून ठेवले होते. ‘खोब चाई’ म्हणजे आभारी आहे, एवढे मला येत होते.

बाजारासमोर सात-आठ टुकटुक ओळीने उभ्या होत्या. चालक कोणी झोपले होते, कोणी भात खात होते. मी पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत गेलो आणि परत आलो. मला तो ओळखता येईना. तरुण की पोक्त, मिशी होती की नव्हती, काही सांगता येईना. साठ, तीस, चाळीस हे आकडे मला क्रमाने पाठ होते. त्याची ओली पाठ आठवत होती. चेहरा आठवत नव्हता. आणि आठवणार तरी कसा? भाव ठरत असताना मी मुद्दाम त्याच्याकडे पाहत नव्हतो. पाहिले की घासाघीस फसते, हा त्यातला पहिला नियम आहे.

कोणा तरी दुसऱ्याला ती नोट देऊन टाकावी, असे क्षणभर मनात आले. पण ते पुन्हा दानच झाले असते. वीस हजार एका माणसाचे होते. ते दुसऱ्याला देऊन फिटत नाहीत, हे बँकेत मी लोकांना पस्तीस वर्षे समजावले आहे.

ओळीतल्या एकाने भाताचा डबा बाजूला ठेवून विचारले, “टुकटुक?” मी स्टेशन म्हटले. त्याने बोटांनी आणि अर्ध्या इंग्रजीत दीड लाख सांगितले. मी त्याच्या तोंडाकडे नीट पाहिले: चाळिशीचा माणूस, डाव्या भुवईवर जुना व्रण. मग पिशवी बाकावर टाकली आणि बसलो. तो जागचा हलला नाही. मी काही बोलेन म्हणून वाट पाहत असावा. मी काही बोलत नाही असे पाहून त्याच्या चेहऱ्यावर आनंद आला असेल, अशी वाचकांची कल्पना असेल तर ती चुकीची आहे. तो जरा खट्टू झाल्यासारखा दिसला. दोन लाख सांगायला हवे होते, असे त्याला वाटले असावे. वाटभर तो आरशातून दोन-तीनदा माझ्याकडे पाहत होता. पाऊस आला नाही.

ती नोट पुढे लुआंग प्राबांगला खर्च झाली असती. पण ती खिशात घडी घालून ठेवलेली होती, इतर पैशांत मिसळली नाही. मुंबईला परतल्यावर विमानतळावरच्या पैसे बदलणाऱ्या खिडकीत मी ती सहज पुढे केली. आतल्या मुलाने उलटसुलट पाहिली, कुठल्या देशाची म्हणून विचारले आणि हे पैसे इथे चालत नाहीत, काका, असे म्हणून परत दिली. ती माझ्या रोजखर्चाच्या वहीत, त्याच पानात आहे.